२०१० ची स्विफ्ट आणि चुकीचा वॉटर पंप : जुन्या गाडीचे अस्सल भाग ऑनलाइन मागवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची मारुती सुझुकी स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. नोंदणी फेब्रुवारी २०१० ची. २०२५ च्या सुरुवातीला गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा त्यांनी आरटीओत तपासणी करून, ५,००० रुपये फी आणि पर्यावरण कर भरून, पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. गाडी ९४,००० किलोमीटर चाललेली, पत्रा चांगला, इंजिन तेल खात नाही. ती आणखी पाच वर्षं वापरायची हे घरात ठरलेलं होतं, त्यामुळे खर्चाचा हिशेबही त्याच बेताने मांडायचा होता. ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

पुढचा सगळा घोळ ज्यातून झाला, ती गोष्ट आधी सांगायला हवी. स्विफ्ट मे २००५ मध्ये भारतात आली ती १,२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन घेऊन. एस्टीम, व्हर्सा आणि जिप्सीमध्येही हेच इंजिन होतं. भारत स्टेज ४ चे प्रदूषण-नियम दाराशी आले तसं २०१० मध्ये पेट्रोल स्विफ्टला १,१९७ सीसीचं के१२एम इंजिन मिळालं. बाहेरून गाडी जवळजवळ तीच राहिली, कारण नव्या आकाराची स्विफ्ट ऑगस्ट २०११ मध्ये आली. म्हणजे रस्त्यावर शेजारी उभ्या असलेल्या, '२०१० पेट्रोल' म्हणवणाऱ्या दोन स्विफ्टच्या बॉनेटखाली दोन वेगळी इंजिनं असू शकतात. जुन्याला रबरी टायमिंग बेल्ट, नव्याला धातूची चेन. वॉटर पंप, सील, गॅस्केट, बाहेरचे पट्टे, सगळंच वेगळं.

या गाडीच्या आरसीवर निर्मिती डिसेंबर २००९ आणि क्षमता १,२९८ सीसी असं स्वच्छ छापलेलं होतं. पण ते वाचायची वेळ पहिली ऑर्डर फसल्यावर आली.

अडचण

एप्रिलमध्ये कूलंटच्या टाकीतली पातळी आठ-दहा दिवसांत वरच्या रेघेवरून खालच्या रेघेपर्यंत उतरू लागली. तापमानाचा काटा जागेवर होता, हीटर होझ आणि रेडिएटर कोरडे होते. मिस्त्रींनी गाडी वर घेऊन टायमिंग कव्हरच्या खालून बॅटरीचा उजेड मारला तेव्हा पंपाच्या अंगाने खाली आलेला वाळलेल्या कूलंटचा पांढुरका-हिरवट ओघळ दिसला. पंपाच्या शाफ्टवरचं सील गेलं की कूलंट पंपाच्या अंगातल्या बारीक छिद्रातून बाहेर पडतं. ते छिद्र याचसाठी ठेवलेलं असतं, नाहीतर पाणी सरळ बेअरिंगमध्ये शिरेल. इंजिन बंद करून, पट्टा सैल करून पुली हाताने हलवली तर किंचित खेळ लागत होता. पंप बदलण्यावाचून इलाज नव्हता.

जी१३बीबीमध्ये पंप फिरतो अल्टरनेटरच्या बाहेरच्या पट्ट्यावर, पण तो काढायचा तर टायमिंग कव्हर, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आधी उतरवावा लागतो. सगळी मेहनत तिथेच जाते. म्हणून एकदा उघडलं की पंपासोबत बेल्ट, टेन्शनर, कॅमचं ऑइल सील आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील एकदमच बदलतात (कॅम आणि क्रँक म्हणजे या बेल्टने जोडलेले इंजिनाचे दोन दांडे). सीलची किंमत चिल्लर, पण ते सहा महिन्यांनी गळलं तर तीच मजुरी पुन्हा. इथला टायमिंग बेल्ट २०१७ मध्ये बदललेला होता. बिलावर फक्त 'टायमिंग बेल्ट किट', कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. किलोमीटरच्या हिशेबाने तो अजून चालला असता. पण रबर वयानेही कडक होतं, आणि आता तर गळतं कूलंट त्याच्या शेजारीच होतं.

यादी अशी तयार झाली: वॉटर पंप गॅस्केटसह १, टायमिंग बेल्ट १, टेन्शनर १, कॅम ऑइल सील १, क्रँक ऑइल सील १, अल्टरनेटरचा पट्टा १ आणि कूलंट.

पर्याय आणि त्यांची तोलामोल

अधिकृत वर्कशॉपने सगळं मिळून ९,८५० रुपयांचा अंदाज दिला. पंप शिल्लक नव्हता. आगाऊ रक्कम भरल्यावर दहा-बारा दिवसांत येईल, असं सांगितलं.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच वर्कशॉपच्या पार्ट्स काउंटरवरून भाग घ्यायचे आणि काम आपल्या मिस्त्रींकडे करून घ्यायचं. काउंटरवर कुणालाही रोख किंवा यूपीआयवर भाग मिळतो, तिथेच सर्व्हिसिंग करायला हवं असं काही नाही. पण पंपासाठी थांबणं तेवढंच.

तिसरा मार्ग ऑनलाइन. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा कल इकडे होता.

मिस्त्रींचा सल्ला चौथा होता. "सर, एस्टीमचा पंप आणतो नाना पेठेतून, इंजिन एकच आहे." सल्ला सरळ मनाचा होता आणि अर्धा बरोबरही. पण इंजिन एकच असलं तरी पुलीची उंची, होझच्या नळीचा कोन किंवा कडेचं ब्रॅकेट गाडीगणिक बदलू शकतं. दोन्ही गाड्यांच्या पंपाचा कंपनी नंबर एकच निघाला तर हा सल्ला सोळा आणे खरा, नाहीतर नुसता अंदाज. जुना पंप नवं बेअरिंग-सील घालून दुरुस्त करणं आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारातून काढलेला पंप आणणं, हे दोन्ही मार्ग लगेच बाद झाले. दार, आरसा, दिवा, सीटचं हँडल अशा गोष्टींना भंगार बाजार उत्तम. ज्याचं आयुष्य सील आणि बेअरिंगवर आहे तो भाग तिथून आणू नये.

सुटे भाग बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांचा माल हाही एक रास्त पर्याय होता. गेट्स किंवा बांदोचा पट्टा, एनओकेचं सील. अशा कंपन्या स्वतःच्या नावाच्या डब्यात माल विकतात आणि तो डुप्लिकेट नसतो. डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा खोटा डबा. ऑनलाइन याद्यांमध्ये नेमकी हीच सरमिसळ असते. विक्रेता 'ओईएम जेन्युइन' (म्हणजे गाडीच्या कंपनीचा अस्सल) असं लिहितो, आणि आत मारुतीच्या डब्यातला भाग असू शकतो, सुट्या भागांच्या कंपनीचा असू शकतो, किंवा लुधियाना-दिल्लीकडचा बिननावाचाही. घराला इथे मारुती कंपनीचाच माल हवा होता. कारण साधं होतं: नंबर जुळला की बसण्याची खात्री, आणि बिघडला तर विचारायला जागा.

पहिली ऑर्डर

१६ एप्रिलला मुलाने एका मोठ्या बाजारपेठ-संकेतस्थळावर 'स्विफ्ट पेट्रोल २०१० वॉटर पंप जेन्युइन' असं शोधलं. ८४५ रुपयांना पंप दिसला. फोटोत कंपनीचा डबा, वर्णनात 'स्विफ्ट पेट्रोल २००५ ते २०११', पार्ट नंबर कुठेच नाही. ऑर्डर गेली.

त्याच संध्याकाळी सुट्या भागांच्या दुसऱ्या एका संकेतस्थळावर त्याने यादीतून गाडी निवडली: स्विफ्ट, पेट्रोल, २०१०. तिथे टायमिंग बेल्ट दिसेना. टायमिंग चेन दिसत होती. त्याने समज करून घेतला की बेल्ट संपला असेल. पंपाची ऑर्डर रद्द करायला तेव्हा अजून वेळ होता. हव्या भागाच्या जागी यादीत वेगळ्याच जातीचा भाग दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा आपण वेगळीच गाडी निवडलेली असते. संपलेला माल यादीत दिसतो, फक्त त्यापुढे 'उपलब्ध नाही' असं लिहिलेलं असतं.

२१ तारखेला पंप आला. मुलाने डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ काढला: पत्त्याची चिठ्ठी, चारही बाजू, चिकटपट्टी कापणं, आतली वस्तू. या एका गोष्टीने पुढे पैसे वाचवले. पंप मिस्त्रींकडे पोचला तेव्हा त्यांना पाच सेकंदं पुरली. बोल्टांची छिद्रंच जुळत नव्हती. पंप के१२एमचा होता.

पण प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. डब्याकडे नीट पाहिल्यावर तोही संशयास्पद निघाला. लेबलवर उत्पादकाचा पत्ता नव्हता, उत्पादनाचा महिना नव्हता, ग्राहक तक्रारीचा क्रमांक नव्हता. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे हे सगळं आणि एमआरपी वेष्टनावर असावंच लागतं. पंपाच्या ओतीव अंगावर कोणतीही खूण किंवा नंबर नव्हता, कडेला ओतकामाची जादा कडा तशीच राहिलेली, आणि सोबतचं गॅस्केट वहीच्या पुठ्ठ्यासारखं. लेबलवर चमकतं होलोग्राम मात्र होतं. होलोग्रामवर विसंबून कुणी खरेदी करू नये. ते छापणं हा नकली मालातला सर्वांत सोपा भाग आहे.

मधल्या काळात गाडीचं काय, हाही निर्णयच होता. गावात दोन-चार किलोमीटर पाणी टाकत चालवायला हरकत नाही, असं मिस्त्रींचं मत. मालकांनी गाडी उभी केली. पुलीला खेळ आला आहे म्हणजे बेअरिंग संपत आलं आहे. ते जाम झालं तर बाहेरचा पट्टा तुटतो, चार्जिंग आणि पाण्याचं फिरणं एकदम बंद पडतं. इंजिन तापलं की हेड गॅस्केटचा खर्च या सगळ्या यादीच्या कित्येक पट. साध्या पाण्याने कूलंट पातळ होतं आणि आत गंज चढतो, ते आणखी वेगळं.

परतावा

परत करण्याचं कारण म्हणून मुलाने आधी 'माझ्या गाडीला बसत नाही' हे निवडलं. उत्तर आलं की सुसंगतता तपासणं ही ग्राहकाची जबाबदारी, डबा उघडलेला आहे, परतावा नाही. हे कारण निवडणं चुकीचं होतं, कारण त्यात दोष ग्राहकाच्या अंगावर येतो. दुसऱ्यांदा त्याने 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' हे कारण निवडलं आणि चार गोष्टी जोडल्या: यादीतल्या '२००५ ते २०११' या दाव्याचा स्क्रीनशॉट, आरसीवरच्या निर्मिती महिन्याचा आणि सीसीचा फोटो (बाकी तपशील झाकून), डब्याच्या लेबलचा फोटो आणि उघडतानाचा व्हिडिओ. २००९ च्या गाडीला बसेल असं लिहिलं आणि बसत नाही, एवढाच मुद्दा. नकली असल्याचा संशय शेवटी एका ओळीत लिहिला. नकलीपणा सिद्ध करणं अवघड, वर्णनातली चूक सिद्ध करणं सोपं. म्हणून सोपा मुद्दा पुढे ठेवायचा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू सदोष, नकली किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तक्रार अधिकाऱ्याला पाठवलेल्या मेलमध्ये या नियमाचा उल्लेख केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक हाताशी ठेवला होता, तो लावायची वेळ आली नाही. ९ मे रोजी ८४५ रुपये पूर्ण परत आले.

बिलावरून आणखी एक गोष्ट कळली. त्यावर विक्रेत्याचा १५ अक्षरी जीएसटी नंबर होता. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो. व्यवसायाचं नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. नोंदणी चालू होती, पण व्यापार घरगुती वस्तूंचा दिसत होता. एवढ्यावरून कुणाला खोटं ठरवता येत नाही, पण पुढच्या वेळी ऑर्डरपूर्वी दोन मिनिटं तिथे घालवावीत. बिलावरच्या एचएसएन क्रमांकाचा (मालाचा प्रकार सांगणारा जीएसटीचा क्रमांक) मात्र फार कीस काढू नये. इंजिनाचा पंप खरं तर ८४१३ मध्ये येतो, पण चांगले प्रामाणिक दुकानदारही गाडीचं म्हणून सरसकट ८७०८ लिहितात.

नंबर मिळवणं

इथून प्रकरण रुळावर आलं. २४ एप्रिलला मालक आरसी घेऊन स्वतः पार्ट्स काउंटरवर गेले. काउंटरवरच्या माणसाने एमए३ ने सुरू होणारा १७ अक्षरी चासी नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि सहाही भागांचे नंबर आणि एमआरपी कागदावर लिहून दिले. पैसे लागले नाहीत. सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी जेवणानंतर गेलं, आणि हातात लेखी यादी असली, की हे काम सहसा होतं. गर्दीच्या वेळी फोनवर विचारलं तर सहसा होत नाही.

मारुतीचा पार्ट नंबर पाच अंक, मग इंग्रजी 'एम', मग पाच अक्षरं-अंक अशा घडणीचा असतो. पहिले पाच अंक भागाची जात सांगतात: १७४०० म्हणजे वॉटर पंप, १२७६१ टायमिंग बेल्ट, १२८१० टेन्शनर, १६५१० ऑइल फिल्टर, १३७८० एअर फिल्टर. मागची पाच अक्षरं कोणत्या गाडी-इंजिनासाठी ते सांगतात. म्हणून ऑनलाइन यादीत नंबर १७४०० ने सुरू होतो, एवढ्यावर खूश होऊन चालत नाही. चूक नेहमी मागच्या पाचांत असते. पहिल्या डब्यावरचा नंबरही १७४०० नेच सुरू होत होता.

काउंटरवर आणखी एक कामाची गोष्ट कळली. पंपाचा जुना नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवा नंबर लागू झाला होता. जुन्या गाड्यांत हे सर्रास होतं. अशा वेळी ऑनलाइन जुन्या नंबराने शोधलं तर 'उपलब्ध नाही' येतं आणि माणूस समजतो की भाग बनणंच बंद झालं. दोन्ही नंबर लिहून घ्यावेत आणि दोन्हींनी शोधावं. डब्यावर नवा नंबर आणि धातूवर जुना, असंही निघू शकतं. त्याने घाबरायचं कारण नाही.

त्या वेळच्या एमआरपी अशा लिहून मिळाल्या: पंप १,६४०, टायमिंग बेल्ट ९८०, टेन्शनर १,१३०, कॅम सील १२०, क्रँक सील १६५, अल्टरनेटरचा पट्टा ४१०. एकूण ४,४४५ रुपये. (२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, त्यामुळे हे आकडे आज तसेच धरू नयेत.)

१,६४० रुपये एमआरपीचा पंप ८४५ ला कसा मिळतो, हा प्रश्न आता आपोआप पडला. कंपनीच्या मालावर किरकोळ विक्रेत्याला एवढी जागा नसते. पाच-दहा टक्के सूट समजण्यासारखी, जुना साठा काढायचा असेल तर थोडी जास्त. निम्म्या किमतीचा 'जेन्युइन' भाग बहुधा चोरीचा, नाहीतर नकली.

दुसरी ऑर्डर

२५ एप्रिलला नव्याने शोध झाला, या वेळी फक्त नंबराने. विक्रेता निवडताना चार गोष्टी पाहिल्या: यादीत पूर्ण पार्ट नंबर लिहिलेला, एमआरपी काउंटरवरच्या एमआरपीशी जुळणारी, बिलावर पार्ट नंबर छापून देण्याची तयारी, आणि जीएसटी नोंदणीत वाहनांच्या सुट्या भागांचा व्यापार. विक्रेत्याला आधी निरोप पाठवून डब्याच्या लेबलचा खराखुरा फोटो मागितला. अर्ध्या तासात फोटो आला. जो विक्रेता 'सर, ओरिजिनलच आहे' एवढंच उत्तर देतो आणि फोटो टाळतो, त्याला तिथेच सोडून द्यावं.

पंप १,५१०, टेन्शनर १,०५०, दोन्ही सील मिळून २८५, अल्टरनेटरचा पट्टा ३८५, टायमिंग बेल्ट ९०५, पाठवणी १२०. एकूण ४,२५५ रुपये. ३० तारखेला खोकं आलं. लेबलं स्वच्छ, नंबर सगळे जुळले, पंपाच्या अंगावर ओतीव खूण, गॅस्केट व्यवस्थित.

टायमिंग बेल्ट मात्र दुमडलेला होता. पट्टा अस्सल होता, नंबरही बरोबर. पॅकिंग करणाऱ्याने खोकं लहान पडलं म्हणून पाकिटासकट त्याची घडी घातली होती आणि वर पंप ठेवला होता. सोडवला तेव्हा दोन ठिकाणी पाठीवर पांढरट रेघ उमटलेली दिसली. टायमिंग बेल्टच्या आत काचतंतूंचे दोर असतात. ताण ते उत्तम सोसतात, पण तीक्ष्ण घडी सोसत नाहीत. घडीत तुटलेले तंतू बाहेरून दिसत नाहीत, आणि पट्टा पुढे कधीतरी चालत्या इंजिनात तिथूनच जातो.

मिस्त्री म्हणाले, "सर, बसवला की ताणून सरळ होईल. चालतंय." सरांनी हे ऐकलं नाही, आणि या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. अस्सल भाग वाटेत खराब झाला की तो नकलीइतकाच निरुपयोगी. नकलीच्या भीतीपायी लोक डबा तपासतात, आतल्या वस्तूची तब्येत तपासायची राहून जाते. तेलाची सील चेपलेली नाहीत ना, त्यांच्या ओठावरची बारीक स्प्रिंग जागेवर आहे ना, हेही याच वेळी पाहून घेतलं.

विक्रेत्याने फोटो पाहून बेल्टचे ९०५ रुपये विनातक्रार परत केले, पण बदली पट्टा यायला आणखी आठवडा लागणार होता. मग बेल्ट काउंटरवरच ९८० ला मागवला. पुण्याहून ५ मे रोजी आला, गोल पाकिटात.

बसवणं

भाग ग्राहकाने आणले की मजुरी थोडी चढते आणि जबाबदारीही वाटली जाते. हे आधीच बोलून घेतलेलं बरं. इथे ठरलं ते असं: मजुरी २,२०० रुपये. बसवण्यात चूक निघाली तर मिस्त्री फुकट करून देणार, भागच सदोष निघाला तर मजुरी पुन्हा मालकांची.

६ मे रोजी काम झालं. इंजिन उघडण्यापूर्वी जे तपासता येतं ते तपासलं, उरलेलं जुना भाग निघाल्यावर. जुना आणि नवा पंप फरशीवर शेजारी पालथे ठेवून बोल्टांची छिद्रं, पुली बसणाऱ्या तोंडाची उंची आणि आतल्या पंख्याचा व्यास पाहिला. बेल्टच्या एका दातावर खडूची खूण करून तिथून मोजत पूर्ण फेरी मारली, दोन्ही पट्ट्यांचे दात सारखे आले, रुंदीही सारखी. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे उठवलेले असतात, ते जुन्याशी ताडून घेतले.

गॅस्केटची जागा लाकडी पट्टीने आणि कपड्याने साफ केली. पत्र्याच्या पातीने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि तिथूनच पुन्हा गळती लागते. कागदी गॅस्केटवर सिलिकॉन फासायची मिस्त्रींची सवय इथे टाळली. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतं. कॅम आणि क्रँकच्या खुणा जुळवून पट्टा चढवला, क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा पाहिल्या आणि मगच टेन्शनरचा बोल्ट आवळला. हे दोन फेरे न मारता इंजिन सुरू करणारे मिस्त्री कमी नाहीत. एक दात चुकलेला असेल तर तो इथेच, हातानेच कळतो.

नंतर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, हीटर गरमवर ठेवून रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, थर्मोस्टॅट आपोआप उघडेपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पातळी पाहिली, थोडी उतरली होती, ती भरली. पुढच्या आठवड्यात रेघ हलली नाही.

निष्पत्ती

हिशेब असा झाला. दुसऱ्या ऑर्डरमधले बेल्ट सोडून बाकीचे भाग पाठवणीसह ३,३५०, काउंटरवरचा बेल्ट ९८०, मजुरी २,२००, कूलंट ४६०. एकूण ६,९९० रुपये. वर्कशॉपच्या ९,८५० च्या अंदाजापेक्षा २,८६० कमी.

मुलाने हा आकडा ऑनलाइनचा फायदा म्हणून मांडला. तो तसा नाही. भागांवरचा खर्च ४,३३० झाला, आणि तेच सहा भाग काउंटरवर एमआरपीने ४,४४५ ला मिळत होते. ऑनलाइनने वाचवले ११५ रुपये. बाकीची सगळी बचत मिस्त्रींच्या मजुरीतून आली. काउंटरचा भाग घेऊन मिस्त्रींकडे काम करणं हा दुसरा पर्याय पहिल्याच दिवशी घेतला असता तरी जवळपास एवढीच बचत झाली असती. वेळेचं तर उलटंच झालं. १६ एप्रिलला काउंटरवर आगाऊ रक्कम भरली असती तर पंप २८ च्या आसपास आला असता. गाडी प्रत्यक्षात ६ मे ला दुरुस्त झाली.

तरीही ऑनलाइन मार्ग वाया गेला असं नाही. नंबर हातात असताना केलेली ऑर्डर पाच दिवसांत आली, आणि काउंटरवर नसलेला पंप त्यातूनच मिळाला. जुन्या गाडीसाठी ऑनलाइनचा खरा उपयोग हा आहे: आपल्या गावातल्या काउंटरवर नसलेला भाग देशात कुठल्यातरी वितरकाच्या फळीवर पडून असतो, तो सापडतो. सवलत हा तिथला मुद्दाच नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी आरसी उघडून निर्मितीचा महिना आणि सीसी वाचायला हवी होती. नोंदणीचं वर्ष हे गाडीच्या भागांचं वर्ष नसतं, विशेषतः डिसेंबरात बनून जानेवारी-फेब्रुवारीत नोंदवलेल्या गाड्यांत.

काउंटरवर आधी नंबर घेऊन, तिथेच पंपाची आगाऊ ऑर्डर नोंदवून, त्याच वेळी ऑनलाइन शोध चालू ठेवता आला असता. दोन्हींत जो आधी येईल तो. आगाऊ रक्कम परत मिळते का हे मात्र नोंदवतानाच विचारावं लागतं, कारण खास मागवलेला भाग बरेच काउंटर परत घेत नाहीत.

टायमिंग बेल्ट आणि सील कुरिअरने मागवायचेच नाहीत, हाही विचार करण्यासारखा आहे. ते हलके, स्वस्त आणि बहुतेक काउंटरवर मिळणारे भाग. वाटेत खराब होण्याची शक्यता जास्त आणि सवलत सात-आठ दहाच्या नोटांची. धातूचे, जड, दुर्मीळ भाग ऑनलाइन, रबराचे हातोहात, अशी वाटणी इथे जमली असती. मागवायचेच झाले तर विक्रेत्याला 'घडी न घालता' असं लिहून कळवावं, म्हणजे पुढे दाद मागताना ते हाताशी राहतं.

२०१७ च्या बिलावर किटचा नंबर असता तर जुना पट्टा कोणत्या कंपनीचा, किती टिकला, हे आज कळलं असतं. या वेळी मालकांनी सहाही डब्यांची लेबलं कापून, त्यावर ९४,००० किलोमीटर आणि तारीख लिहून, बिलासोबत गाडीच्या फायलीत लावली आहेत. पुढच्या मेकॅनिकला नंबर शोधावे लागणार नाहीत. ते त्या दिवशी चालू आहेत की बदललेत, एवढंच काउंटरवर विचारायचं राहील.